खाली ठेवलेला कप

दिलेला शब्द पाळावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. शब्द देण्याआधी विचार करावा, हे मात्र कुणी शिकवत नाही. अम्मानच्या उत्तरेकडच्या अजलूनच्या डोंगरातला कंत्राटदार गालिब त्या सकाळी न्याहारीला बसला होता, तेव्हा त्याची नेमकी हीच अडचण झाली होती. समोर लबने, म्हणजे घट्ट दही होतं, तीळ घातलेलं झातर होतं, गरम रोटी होती. तो मात्र रोटीचा एकच तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवत होता आणि परत बाहेर काढत होता.

"रोटीला पोहायला शिकवताय का?" त्याची बायको नजवा म्हणाली.

"आज रुदैनाला सांगावं लागणार."

"अजून सांगितलं नाहीत? शुक्रवारी शब्द देऊन बसलात आणि जिची जागा दिलीत तिलाच पत्ता नाही!"

गालिबने तुकडा पुन्हा तेलात बुडवला.

झालं होतं ते असं. गावातल्या एका मोठ्या घराण्याचा दिवाण बांधायचं काम गालिबकडे होतं. दिवाण म्हणजे घराण्याचं सभागृह. लग्नं तिथेच, मयतीला लोक बसतात तेही तिथेच, आणि दोन भाऊ भांडले तर समेटही तिथेच. या कामावर रुदैना ही साइट सुपरिंटेंडंट होती, म्हणजे जिच्या शब्दाशिवाय साइटवर वीट हलत नाही अशी बाई. शुक्रवारच्या नमाजानंतर घराण्याचे प्रमुख हाजी मिफ्लेह चार वडीलधाऱ्यांना घेऊन गालिबच्या दारी आले. गालिबने वेलची घातलेली कडू कॉफी त्या बिनकानाच्या लहानशा कपात ओतून दिली. हाजींनी कप हातात घेतला आणि ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवून दिला.

असा कप खाली ठेवला गेला की घरातल्या पोरासोरांनाही कळतं. पाहुण्याचं काही मागणं आहे, आणि ते मान्य होईपर्यंत तो कॉफी पिणार नाही. कॉफी न पिता पाहुणा उठून गेला, तर यजमानाला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. या कपावर मुलींची लग्नं ठरली आहेत, खुनाची वैरं मिटली आहेत. रीत चांगलीच आहे. पण बैल चांगला म्हणून त्याला कुणी विहिरीत उतरवत नाही, एवढं भान मात्र राहत नाही.

"गालिब," हाजी म्हणाले होते, "दिवाण आमचा. त्या कामावर आमच्या घरचा माणूस नको का? माझा भाचा लैस इंजिनीअर झालाय. त्याला सुपरिंटेंडंट कर."

"हाजी, तिथं रुदैना आहे."

"ती काय करते रे? मी रोज बघतो. दिवसभर हात मागे बांधून फिरते. फिरायला आमच्या लैसलाही येतं."

सगळे हसले. गालिबही हसला. आणि हसता हसता त्याच्या तोंडून निघून गेलं, "हाजी, कॉफी प्या."

नजवाला हे सगळं माहीत होतं, कारण ती तेव्हा पडद्याआड पुढची किटली भरत होती.

"अम्माच्या मोतीबिंदूच्या वेळी तुम्ही अम्मानचे तीन डॉक्टर पालथे घातलेत," ती आता म्हणाली. "तिथं कुणी कप खाली ठेवला असता, तर कंपाउंडरकडून डोळा कापून घेतला असतात?"

"लैस कंपाउंडर नाही. शिकलेला मुलगा आहे."

"मुलगा गुणी आहे, मी कुठं नाही म्हणते? पण पदवी घेतल्यापासून तो अम्मानच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसून नकाशे काढतोय. चिखल बूट भरून आत येतो तेव्हा काय करायचं, हे त्याला त्या कॉम्प्युटरने सांगितलंय का?"

गालिबने तो तुकडा तसाच ताटात ठेवला आणि उठला.

त्या दिवशी दिवाणाचा स्लॅब होता. स्लॅबचा दिवस म्हणजे तिकडे लग्नाचाच दिवस, फक्त नवरी सिमेंटची. सगळं घराणं गोळा होतं. मेंढ्या कापल्या जातात, मोठमोठ्या परातींत भात आणि मटण रचून त्यावर सुकवलेल्या दह्याचा आंबट रस्सा ओततात, आणि अशा मन्साफच्या परातीभोवती सगळे उभ्याउभ्याने हाताने जेवतात. आनंदाचा दिवस असतो, नाही कशाला म्हणा. चूक एवढीच होते, की स्लॅबची तारीख खालच्या सेंट्रिंगच्या फळ्या आणि टेकू बघून ठरत नाही, मेंढ्यांचा सौदा बघून ठरते. एकदा आमंत्रणं गेली की स्लॅब तयार असो वा नसो, तो त्या दिवशी पडायलाच हवा.

गालिब पोचला तेव्हा काळा तंबू उभा राहिला होता. वडीलधारे गाद्यांवर टेकले होते. वर स्लॅबच्या सळयांवर पोरं उड्या मारत होती आणि सुतार त्यांना हाकलत होते. डोंगरावरचा वारा बोचरा होता, म्हणून बायकांनी इमारतीच्या मागच्या भिंतीचा आडोसा धरून चुली मांडल्या होत्या. तिथे शराकच्या पातळ रोट्या भाजल्या जात होत्या आणि हशा चालला होता. त्यात लैसची आई, म्हणजे हाजींची धाकटी बहीणही होती.

रुदैना मात्र कुठे दिसेना. गालिब वाकून स्लॅबखाली शिरला. तिथे लोखंडी टेकूंचं जंगल उभं होतं, आणि त्या जंगलात ती हात मागे बांधून फिरत होती. चाळिशी उलटलेली बाई. रुमालावर हेल्मेट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि कपाळावर सहसा न दिसणारी एक आठी.

"अबू माहिर, बरं झालं आलात," ती गालिबला म्हणाली. तिकडे माणसाला मुलाच्या नावाने, अमक्याचा बाप म्हणून, हाक मारतात. "आज स्लॅब होणार नाही."

गालिबला वाटलं, वाऱ्याच्या आवाजात आपण भलतंच ऐकलं. "काय नाही होणार?"

ती त्याला मागच्या कोपऱ्यात घेऊन गेली. मेजवानीसाठी आदल्या संध्याकाळी पाण्याचा टँकर आला होता. पिंपं भरून झाल्यावर पाइप कुणीतरी तसाच चालू ठेवून गेलं. पाणी रात्रभर वाहत राहिलं आणि उताराने मागच्या कोपऱ्यात येऊन मुरलं. तिथली जमीन मूळची नव्हती, भरावाची होती. रुदैनाने एका टेकूला दोन बोटांनी ढकललं. टेकू दाराच्या कडीसारखा हलला.

"याने वरचं वजन पेलायचं," ती म्हणाली. "पण खालची माती बसलीय. याने काहीच पेललेलं नाही. उलट वरच्या फळ्यांनीच याला धरून ठेवलंय."

"खाली पाचर ठोक ना. दोन फळ्या सरकव."

"चिखलात पाचर ठोकली तर ती आणखी खाली जाईल. हा भराव काढून, खडक लागेपर्यंत खणून, परत टेकू लावावे लागतील."

"मग हा कोपरा सोडून बाकीचा टाकू."

"स्लॅब एकसंध आहे, अबू माहिर. पोळीचा तुकडा तोडावा तसा तो तोडता येत नाही."

तंबूतून हाजींचा आवाज येत होता, कुणाला तरी ते आपुलकीने झापत होते. मेंढ्या शिजत होत्या. पाहुणे इर्बिद शहराहून निघाले होते. आणि या सगळ्याच्या मधोमध ही बाई शांतपणे ‘नाही’ म्हणत उभी होती. गालिबचा तोल गेला. आठवडाभर जे ओठांवर येऊन अडत होतं, ते भलत्या वेळी बाहेर पडलं.

"हे बघ, हा निर्णय आता तुझा नाही. आजपासून लैस सुपरिंटेंडंट आहे."

रुदैनाने त्याच्याकडे बघितलं. तिला ते लागलं, आणि लागल्याचं तिने लपवलंही नाही.

"कधी ठरलं?"

"शुक्रवारी."

"म्हणजे या आठवड्यात मी ज्या साइटची काळजी करत होते ती माझी नव्हतीच. मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत, अबू माहिर. मी भांडले असते, पण मला वाईट वाटलं नसतं." तिने हेल्मेट नीट केलं. "असो. लैसला बोलवा. साइट कुणाच्या तरी ताब्यात देऊनच जाईन, वाऱ्यावर सोडून जाणार नाही."

लैस आला. नवंकोरं हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान नव्हता, उलट परीक्षेला आलेल्या मुलासारखी भीती होती. रुदैना त्याला टाकून बोलली नाही. तिने त्याला सगळं दाखवलं, टेकू हलवून दाखवला, पाणी कुठून आलं ते सांगितलं.

"आता तू सांग, काय करायचं?"

लैसने टेकूला हात लावला. मग खाली बसून मातीला हात लावला. भिंतीपलीकडे त्याची आई कुणाला तरी सांगत होती, की रोटी अशी ताणायची, फाटू द्यायची नाही.

तेवढ्यात घाटाखालून काँक्रीटच्या गाड्यांचा आवाज आला. तंबूत टाळ्या पडल्या. हाजी मिफ्लेह काठी टेकत स्वतःच इमारतीपाशी आले, मागे कॉफीवाला आणि चार वडीलधारे. "गालिब, पंप सुरू कर. लैस, तू सुपरिंटेंडंट आहेस ना? दे हुकूम."

लैस टेकूंमधून बाहेर आला. त्याच्या इस्त्रीच्या पँटला गुडघ्यांवर चिखल लागला होता.

"मामा, ‘सुरू करा’ एवढं मी म्हणू शकतो. ते कुणालाही म्हणता येतं," तो म्हणाला. "‘थांबा’ कधी म्हणायचं, ते मला येत नाही. या बाईंना येतं. त्या थांबा म्हणतायत."

"ती तर म्हणणारच. तिची जागा गेलीय."

"मी जागेसाठी बोलत नाहीये, हाजी," रुदैना म्हणाली. "भराव ओला झालाय. टेकू अधांतरी आहेत."

"अगं, घराण्यातले पाहुणे आलेत. मेंढ्या शिजल्या आहेत. आता मागे फिरलो तर लोक काय म्हणतील? अल्लाहवर भरवसा ठेव."

"त्याच्यावर आहेच, हाजी. भरावावर नाही."

हाजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी हात पुढे केला. कॉफीवाल्याने कप भरून दिला. हाजींनी तो ओठापाशी नेला, आणि सगळ्यांच्या देखत वाकून एका विटेवर ठेवून दिला.

"गालिब, माझा कप खाली आहे. स्लॅब टाक."

पंपवाला पंपाजवळ थांबला. पहिली गाडी फाटकातून आत आली होती आणि तिचा ड्रम गरगरत होता. गालिबने त्या कपाकडे बघितलं. एकच वाक्य बोलायचं होतं: हाजी, कॉफी प्या. ते वाक्य त्याच्या जिभेवर अगदी तयार होतं, लहानपणापासून तयार होतं. त्याच्या बापाने कधी कुणाचा कप असा पडून राहू दिला नव्हता.

भिंतीपलीकडे परत हशा उठला. बायका होत्या तिथेच, त्या कोपऱ्याला टेकून. गालिबच्या डोळ्यांपुढे सगळं एकदम आलं: वरचं ओलं काँक्रीट, खाली तो कडीसारखा हलणारा टेकू, आणि भिंतीच्या आडोशाला त्या चुली. त्याला स्वतःची लाज वाटली. ज्या बाईला मी अंधारात ठेवलं तीच इथे माझ्या माणसांचा जीव धरून उभी आहे! आणि मी कपाकडे बघतोय!

तो कॉफीवाल्याकडे वळला. "मलाही दे."

कप भरला. गालिबने तो हातात घेतला आणि हाजींच्या कपाशेजारी, त्याच विटेवर ठेवला.

"हाजी, माझंही मागणं आहे. शुक्रवारी दिलेला शब्द मला परत द्या. तो माझा नव्हताच. सुपरिंटेंडंटची जागा कुणाला भेट द्यायची वस्तू नव्हे, आणि मी ती दिली. आणि आज या बाईचं ऐका."

गावात असं कुणी केलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दोन कप शेजारी शेजारी थंड होत होते आणि वडीलधारे एकमेकांकडे बघत होते. हाजींनी काठी घट्ट धरली.

"हाजी," रुदैना आता हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही म्हणता मी नुसती फिरते. खरंच आहे ते. इर्बिदला पदवी घेतली, तेव्हा मलाही वाटायचं की सगळं शिकून झालं. मग माझ्या पहिल्या साहेबांनी मला सात वर्षं मागे मागे फिरवलं. नकाशात भिंत सरळ असते, जाग्यावर ती का वाकते, हे फिरल्याशिवाय कळत नाही. प्लंबरने पाइपाची जागा ठेवण्याआधी सळईवाला बसला, तर उद्या स्लॅब फोडावा लागतो. फिरताना ते बघायचं. कोण कुणाच्या डोक्यावर काम करतोय ते बघायचं. आणि सगळे वर बघत असतात तेव्हा खाली बघायचं. तुम्ही एकदाच माझ्याबरोबर फिरा. मग जे म्हणाल ते."

हाजी म्हातारे होते, हट्टी होते, पण मूर्ख नव्हते. ते वाकून स्लॅबखाली शिरले. लैसने त्यांचा हात धरला. मागच्या कोपऱ्यात त्यांनी टेकू हलवून बघितला नाही, कुणाला काही विचारलंही नाही. त्यांनी फक्त आपली काठी जमिनीवर टेकली आणि तिच्यावर भार दिला, जसा ते उभं राहताना नेहमी देत. काठी मातीत शिरली. शिरत गेली, वीतभर, मग हातभर. लैसने धरलं नसतं तर हाजी तोंडावर पडले असते.

त्यांनी काठी ओढून काढली. तिला लागलेल्या चिखलाकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं, जिच्यापलीकडून बहिणीचा आवाज येत होता.

"त्या पोरींना तिथून उठवा आधी," ते म्हणाले. "चुली तंबूजवळ न्या. आत्ता."

बाहेर येऊन ते विटेपाशी उभे राहिले. आयुष्यभर लोकांनी त्यांना जे वाक्य म्हटलं होतं, ते दुसऱ्याला म्हणायची त्यांना सवय नव्हती. पण त्यांनी ते म्हटलं.

"गालिब, तुझी कॉफी पी."

गालिबने थंडगार कॉफी एका घोटात पिऊन टाकली. एवढी गोड कडू कॉफी त्याने जन्मात प्यायली नव्हती.

"आणि माझा कप?" हाजींनी विचारलं. आवाजात अजून थोडा ताठा होता. "पाहुण्यांना काय सांगू? सिमेंटच पडलं नाही?"

"पडेल ना, हाजी," रुदैना म्हणाली. "मघाशीच मी काँक्रीटच्या प्लांटला फोन करून गाड्या थांबवल्या. दोन निघाल्या होत्या तेवढ्या आल्या. कंपाउंडच्या भिंतीचा पाया खणून, सळई बांधून, तपासून तयार आहे. पुढच्या आठवड्यात टाकणार होतो, तो आज टाकू. काँक्रीट तुमच्या डोळ्यांसमोर पडेल, फक्त कुणाच्या डोक्यावर नाही."

गालिब तिच्याकडे बघतच राहिला. सगळ्यांशी वाद चालला असताना ही बाई दोन गाड्यांची सोयसुद्धा करून बसली होती! हाजींनी विटेवरचा आपला कप उचलला आणि पिऊन टाकला.

त्या दिवशी दिवाणाच्या कंपाउंडचा पाया थाटामाटात भरला गेला. लैसच्या आईने हौसेने पहिलं फावडं मारलं. मन्साफ चवीला तसाच झाला, छत नाही म्हणून मेंढीने काही तक्रार केली नाही. जेवण झाल्यावर लैस रुदैनापाशी आला आणि मान खाली घालून म्हणाला, "बाई, मला तुमच्या हाताखाली घ्याल?"

"हाताखाली नाही," ती म्हणाली. "मागे मागे फिरावं लागेल. आणि ती इस्त्री सोडावी लागेल."

गालिबने त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर रुदैनाची माफी मागितली, आणि घरी जाऊन नजवाला सांगितलं. "उशिरा का होईना, अक्कल उगवली म्हणायची तुमच्या डोक्यात," ती म्हणाली, आणि त्याला दोनदा वाढलं.

पुढच्या आठवड्यात तो कोपरा खणला, तेव्हा भराव खिरीसारखा निघाला. खडक लागला, टेकू नव्याने उभे राहिले. स्लॅबच्या सकाळी कुणाला आमंत्रण नव्हतं, फक्त चहा आणि खजूर होते. तरी हाजी आलेच. रुदैना हात मागे बांधून स्लॅबखाली शिरली. तिच्या मागे लैस, तोही हात मागे बांधून. हाजी बाहेर थांबले, अर्धा चहा हातात धरून, आणि ती बाहेर येऊन मान हलवेपर्यंत त्यांनी पुढचा घोट घेतला नाही.

वाचकहो, ओळखीपाळखी आपल्याकडेही आहेत, भाचेही आहेत, आणि ज्यांना मोडता येत नाही अशी मोठी माणसंही आहेत. रीतीरिवाज माणसांना जोडायला असतात, ते पाळावेत. पण ज्या खुर्चीवर दुसऱ्यांचा जीव टांगलेला असतो, ती कुणाच्या शब्दाखातर देऊ नये. ती त्यालाच द्यावी, जो शिकलाय, ज्याने चिखलात वर्षं काढलीत, आणि ज्याला वेळ आली की सगळ्यांच्या तोंडावर ‘थांबा’ म्हणता येतं. आणि तो तसं म्हणाला, की आपण थांबावं.

त्या गावात आता स्लॅबची तारीख ठरवायची असेल, तर लोक आधी रुदैनाकडे जातात. मेंढीवाल्याकडे त्यानंतर.